इंजिनांचं माहेर

भारतातून पाहुणे आले, हीथ्रोला उतरले, आणि त्यांना घेऊन आपण पॅडिंग्टनच्या गाडीत बसलो, की शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असताना डब्यात एकच गडबड उडते. कोणी वरची बॅग काढतो, कोणी लाडवांचा डबा सांभाळतो, कोणी कोट शोधतो. नेमक्या त्याच वेळी डाव्या हाताच्या खिडकीतून उंच क्रेन्स, खणून काढलेली प्रचंड जमीन आणि बाजूला रुळांचं जाळं असं काहीतरी सरकून जातं. तिकडे कोणी बघत नाही. बघण्यासारखं त्यात काही दिसतही नाही. या जागेचं नाव ओल्ड ओक कॉमन. १९०६ पासून २००९ पर्यंत, म्हणजे तब्बल एकशे तीन वर्षं, इथे रेल्वेच्या इंजिनांची देखभाल होत होती. एका काळी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची ही सगळ्यात मोठी शेड होती.

या सदरात आम्ही आजवर राजवाडे, बागा आणि संग्रहालयं यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं. मागच्या अंकानंतर काही वाचकांनी प्रेमाने टोचलं, "अहो, जिथे तिकीट नाही आणि गाईड नाही अशाही जागा या गावात आहेत की!" सूचना पटली. म्हणून या वेळी अशी जागा निवडली आहे, जिथे तिकीट नाही, गाईड नाही आणि आता ती वास्तूही नाही.

आधी शेड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्या मुलांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही. मुंबईहून नाशिक-भुसावळकडे जाणारी गाडी इगतपुरीला थांबायची, ती पुष्कळांना आठवत असेल. मुंबईहून इगतपुरीपर्यंत १९३० पर्यंत विजेच्या तारा पोचल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं वाफेचाच कारभार होता. त्यामुळे तिथे इंजिन बदलायचं. गाडी थांबायची, आपण उतरून चहा प्यायचो, वडे घ्यायचो, आणि "इंजिन लागलं रे!" अशी हाक आली की पळत डब्यात चढायचो. पण ते काढलेलं इंजिन जायचं कुठे, आणि नवं लागलेलं यायचं कुठून? ते जायचं-यायचं ती शेड. भुसावळ, मनमाड, दौंड, कल्याण, मिरज या गावांना 'रेल्वेची गावं' म्हणतात ती यामुळेच. गाडी स्टेशनात दिसते, पण इंजिनाचं खाणं-पिणं, न्हाणं-धुणं, दुखणं-खुपणं सगळं शेडमध्ये. सासरहून दमून आलेल्या लेकीने चार दिवस माहेरी विसावा घ्यावा आणि ताजंतवानं होऊन परत जावं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इंजिनाला चार दिवस मिळत नसत; बहुतेक वेळा काही तासांतच निघावं लागे.

आता लंडनकडे वळू. पॅडिंग्टनहून ब्रिस्टलला जाणारी ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८४१ मध्ये पूर्ण झाली. तिचा इंजिनियर इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल हा मोठा हट्टी माणूस. बाकी सगळ्या इंग्लंडने रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच ठेवलं, याने सात फूट पाव इंच ठेवलं. गाडी जितकी रुंद तितकी ती स्थिर आणि वेगवान, हा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जुळेना. एका रेल्वेचा माल दुसऱ्या रेल्वेत न्यायचा तर मधे सगळा उतरवून पुन्हा भरावा लागे. शेवटी मे १८९२ मध्ये उरलेसुरले रुंद रूळही उखडले. आपल्याकडे डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचं रुंद माप ठरलं, आणि आपण मात्र ते आजपर्यंत टिकवलं. तेव्हा गावी ब्रॉडगेजच्या डब्यात ऐसपैस मांडी घालून बसताना ब्रुनेलसाहेबांची आठवण काढायला हरकत नाही. त्यांना जे घरी साधलं नाही, ते थोडंफार आपल्याकडे झालं.

रूळ अरुंद झाले पण गाड्या वाढतच होत्या. पॅडिंग्टनची इंजिनं तोवर वेस्टबोर्न पार्कच्या जुन्या शेडमध्ये उभी राहत. ती जागा पुरेनाशी झाली, आणि आजूबाजूला घरं उठल्यामुळे वाढवताही येईना. म्हणून कंपनीने आणखी बाहेर, स्टेशनपासून सुमारे तीन मैलांवर, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला वर्मवुड स्क्रब्ज नावाचं माळरान अशी मोकळी जमीन शोधली. नवी शेड बांधायचं काम आलं जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांच्याकडे. १९०२ पासून ते कंपनीच्या इंजिन खात्याचे प्रमुख होते, आणि त्या काळातल्या ब्रिटिश इंजिनांना त्यांच्याइतकं वळण क्वचितच कोणी लावलं असेल. शेड १७ मार्च १९०६ रोजी सुरू झाली.

चर्चवर्डनी काय केलं, तर एकाच छपराखाली चार टर्नटेबलं बसवली. टर्नटेबल म्हणजे इंजिन उभं राहील एवढा रुळाचा तुकडा, मधोमध खुंटीवर तोललेला आणि गोल फिरणारा. आपल्या जात्यासारखाच म्हणा ना. इथलं प्रत्येक पासष्ट फूट व्यासाचं. प्रत्येकाभोवती सूर्याच्या किरणांसारखे अठ्ठावीस रूळ, म्हणजे चारांचे मिळून एकशे बारा. इमारत चारशे चव्वेचाळीस फूट लांब आणि तीनशे साठ फूट रुंद. बाहेरून येणारं इंजिन टर्नटेबलावर चढायचं, तबकडी फिरायची, मोकळ्या रुळाशी जुळायची, आणि इंजिन हलकेच आपल्या जागी जाऊन बसायचं. वाफेच्या इंजिनाला तोंड आणि पाठ असते, त्यामुळे परतीच्या प्रवासासाठी त्याला वळवावंच लागे. ते कामही याच तबकडीवर होई. शेजारी मोठ्या दुरुस्तीचं वेगळं दालन होतं. तिथे इंजिन उचलून त्याची चाकं खालून काढता येत. या दालनाला कामगार नुसतं 'फॅक्टरी' म्हणत.

आता एका इंजिनाचा दिवस पाहू. समजा, प्लिमथहून एक्सप्रेस घेऊन इंजिन पॅडिंग्टनला पोचलं. सव्वादोनशे मैलांचा प्रवास. प्रवासी उतरले, फलाटावरून पुढे जाताना एखाद्या लहान मुलाने इंजिनाकडे टक लावून पाहिलं, त्याच्या बापाने त्याला ओढत नेलं. तो सोहळा तिथे संपला. इंजिन एकटंच तीन मैल मागे, ओल्ड ओकला आलं. पहिला मुक्काम कोळशाच्या मंचाखाली. ग्रेट वेस्टर्नला वेल्सचा कोळसा आवडे. तो जळतो झकास पण असतो ठिसूळ. यंत्राने उंचावरून टाकला तर त्याचा चुरा होतो. म्हणून इतर रेल्वे कंपन्या मोठमोठी कोळसा भरायची यंत्रं उभारत असताना इथे चढावरून वॅगनी मंचावर चढवत, आणि माणसं फावड्याने तो कोळसा छोट्या गाड्यांत भरून खाली टेंडरमध्ये ओतत. मोठ्या एक्सप्रेस इंजिनाच्या टेंडरमध्ये सहा टन कोळसा आणि चार हजार गॅलन पाणी मावायचं. सहा टन कोळसा फावड्याने भरायचा, एका इंजिनात. आणि अशी इंजिनं दिवस-रात्र ओळीने उभी.

मग राखेचा खड्डा. भट्टीच्या तळाशी कोळशातली माती वितळून दगडासारखी खपली बसते, तिला क्लिंकर म्हणतात. ती लांब लोखंडी सळईने फोडायची आणि लांब दांड्याच्या फावड्याने, तापून लाल झालेली, बाहेर काढायची. खाली उतरून राखेचं तसराळं खरडायचं. पुढचं दार उघडून धुराच्या पेटीतली काजळी उपसायची. वारा सुटला असेल तर ही सगळी राख तोंडावर, डोळ्यांत, घशात. शेडमधल्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत नकोसं, असं त्या काळचे लोक सांगत. थंडीत समोरून भाजायचं आणि पाठ गोठायची.

ठराविक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवावा लागे. आपल्या घरी चहाच्या किटलीत पांढरा थर धरतो ना, लंडनच्या पाण्याचा? तोच थर बॉयलरच्या नळ्यांवर बसला की उष्णता पोचत नाही आणि धातू बिघडतो. म्हणून सगळी बुचं उघडून जोरदार पाण्याने आतला गाळ काढायचा. कोणी भट्टीच्या आत शिरून खिळे-बोल्ट तपासायचा. आणि मग पुन्हा पेटवणं. थार बॉयलरला घाईघाईने तापवून चालत नाही, धातू सगळीकडून सारखा फुगला पाहिजे. त्यामुळे सकाळी दहाच्या गाडीसाठी रात्रीच कोणीतरी जाळ लावलेला असे. इतकं सगळं झालं, की पोरं कॉटन वेस्टचे बोळे घेऊन इंजिन पुसायला लागत. हिरवा रंग, पितळी पाट्या, तांब्याची किनार असलेलं धुराडं. पॅडिंग्टनच्या फलाटावर लखलखत उभं राहणारं ते इंजिन इतक्या हातांखालून गेलेलं असे, आणि त्यातला एकही हात फलाटावर नसे.

ही पुसणारी पोरं म्हणजे शिडीची सगळ्यात खालची पायरी. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा 'क्लीनर' म्हणून लागायचा, मग फायरमन, मग ड्रायव्हर. शिडी चढायला वीस-वीस वर्षं लागत. परीक्षा कडक. तिची तयारी करून द्यायला कंपनीची शाळा नव्हती. मग ड्रायव्हरांनी स्वतःच वर्ग चालवले. सुटीच्या दिवशी, बिनपगारी, ज्येष्ठ ड्रायव्हर तरुणांना सिग्नलचे नियम, वाफेच्या झडपा, ब्रेकची रचना शिकवत. याला 'म्युच्युअल इम्प्रूव्हमेंट क्लास' असं भारदस्त नाव होतं. ब्रिटनभर जवळपास प्रत्येक मोठ्या शेडमध्ये असे वर्ग होते. आपल्या मंडळाची रविवारची मराठी शाळा काय वेगळी आहे? कोणी सांगितलं नाही, कोणी पैसे देत नाही, पण आपल्यामागून येणाऱ्याला यायला हवं म्हणून चालवायची.

आणखी एक मजेशीर नोकरी होती, ती म्हणजे कॉलबॉयची. मध्यरात्री, पहाटे दोनला, चारला ज्यांची पाळी असे त्यांच्या घरी जाऊन दार वाजवून उठवणारा मुलगा. आमच्या वाचकांत जे रेल्वे कॉलनीत वाढले त्यांना हसू फुटलं असेल. आपल्याकडेही हा कॉलबॉय होताच. हातात वही, वहीत सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. भुसावळ काय आणि लंडन काय, रात्री दोन वाजता दार वाजलं की घरातली बाईच आधी उठायची, डबा तिनेच करायचा.

वैभवाच्या दिवसांबद्दल एकच सांगतो. १९२७ मध्ये स्विंडनच्या कारखान्यात 'किंग जॉर्ज द फिफ्थ' हे नवं इंजिन तयार झालं आणि त्याच वर्षी ते बोटीने अमेरिकेला गेलं. बाल्टिमोरला तिथल्या एका जुन्या रेल्वेचा शतक-महोत्सव होता. तिथे इंजिनाला भेट म्हणून एक पितळी घंटा मिळाली. ती त्याच्या पुढच्या बाजूला आजही आहे. या 'किंग' जातीची तीस इंजिनं बांधली गेली, आणि ओल्ड ओक हे त्यांच्या मुख्य घरांपैकी एक होतं. १९४८ मध्ये सगळ्या रेल्वे सरकारी झाल्या आणि प्रत्येक शेडला खूण मिळाली. ओल्ड ओकची खूण होती '८१-ए'. ही ओतीव लोखंडाची अंडाकृती पाटी इंजिनाच्या तोंडावर लावलेली असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलं. लंडनमध्ये कामाला तोटा नव्हता. कारखान्यांत पगार बरा, पाळ्या बऱ्या, कपडे स्वच्छ. मग पहाटे तीनला उठून राख उपसायला कोण येणार? लंडनच्या शेडमध्ये माणसं मिळेनात. त्याच काळात कॅरिबियन बेटांतून आणि आपल्या उपखंडातून माणसं या देशात येत होती. रेल्वेला त्यांची गरज होती, पण गरज असणं आणि स्वागत असणं यात अंतर असतं. १९६६ मध्ये डॉमिनिकाहून आलेले गार्ड अॅस्क्विथ झेवियर यांनी मॅरिलबोनहून यूस्टनला बदली मागितली, तेव्हा त्यांना नकार मिळाला. कारण यूस्टनला काळ्या माणसांना प्रवाशांसमोरची कामं द्यायची नाहीत, असा कर्मचाऱ्यांचा अलिखित नियम होता. प्रकरण पार वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्यापर्यंत गेलं, नियम मोडला, आणि १५ ऑगस्ट १९६६ रोजी झेवियर यूस्टनला रुजू झाले. तारीख बघा, आपल्याला सहज लक्षात राहील अशी. त्याआधी, १९६२ मध्ये, जमैकाहून आलेले विल्स्टन सॅम्युएल जॅक्सन हे किंग्ज क्रॉसला ड्रायव्हर झाले होते. ते ब्रिटनचे पहिले काळे रेल्वे ड्रायव्हर मानले जातात. त्यांच्या नावाची पाटी स्टेशनवर लागली २०२१ मध्ये, एकोणसाठ वर्षांनी.

आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद त्याच वर्षांत या देशात आले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं काका म्हणतो. काका पुण्याचे पदवीधर. इथे आल्यावर तीन महिने ऑफिसातली नोकरी मिळेना, तेव्हा लंडनमधल्याच एका शेडमध्ये इंजिनं पुसायला लागले. परवा दिवाळीच्या फराळाला भेटले तेव्हा या लेखाचा विषय निघाला, आणि ते पहिल्यांदाच याबद्दल बोलले.

"काका, घरी पत्रात काय लिहायचात?"

"लिहायचो की, रेल्वेच्या इंजिन विभागात लागलो. खोटं नव्हतं ना ते!" काका हसले. "आई वाड्यात सगळ्यांना सांगायची, मुलगा विलायतेत रेल्वेचा इंजिनियर झाला."

काकू शेजारीच होत्या. म्हणाल्या, "मला तरी कुठे सांगितलं होतं यांनी? मी आले त्याच्या आधी महिनाभर यांनी दुसरी नोकरी धरली. पण उशीचे अभ्रे कितीही धुतले तरी केसांतली काजळी उतरायची त्यावर. तेव्हा विचारलं, तेव्हा कळलं."

त्यांची मुलगी, पन्नाशीची, तिथेच उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं. आम्हांला वाटलं, आता काका विषय बदलतील. पण ते पुढे अर्धा तास बोलत राहिले. राखेच्या खड्ड्याजवळ बटाटे कसे भाजत, एका आयरिश फायरमनने त्यांना फावडं धरायची पद्धत कशी शिकवली, आणि अमुक नंबरचं इंजिन पुसून झालं की त्याच्या पितळी पाटीत स्वतःचं तोंड दिसायचं ते. साठ वर्षांपूर्वीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.

काकांची ती नोकरी अशीही टिकणार नव्हतीच. १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने आधुनिकीकरणाचा आराखडा जाहीर केला, आणि वाफेचे दिवस भरले. स्विंडनला १९६० मध्ये वाफेचं शेवटचं नवं इंजिन बांधलं, त्याचं नाव 'ईव्हनिंग स्टार'. 'किंग' इंजिनं १९६२ अखेर मोडीत निघाली. ओल्ड ओकचं ते चार टर्नटेबलांचं विशाल छप्पर १९६४-६५ मध्ये पाडलं, आणि मार्च १९६५ मध्ये तिथली वाफेची शेवटची इंजिनं गेली. एक टर्नटेबल तेवढं उघड्यावर डिझेल इंजिनांसाठी ठेवलं. देशातल्या रोजच्या गाड्यांतून वाफ १९६८ च्या ऑगस्टमध्ये संपली. आपल्याकडे ब्रॉडगेजवर ती १९९५ पर्यंत टिकली, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं जास्त.

डिझेल आलं तेव्हा शेडची गरज एकदम कमी झाली. जाळ नाही, राख नाही, बॉयलर धुणं नाही, मागे-पुढे दोन्हीकडे केबिन असल्यामुळे वळवणंही नाही. रात्रभर तापवत बसायला नको, बटण दाबलं की इंजिन सुरू. ज्या हातांनी वर्षानुवर्षं नुसत्या आवाजावरून आणि रंगावरून जाळ ओळखला, त्या हातांना काही काम उरलं नाही. त्यातही गंमत अशी, की देशात इतरत्र डिझेलने वीज करून चाकं फिरवणारी इंजिनं घेतली, तर पश्चिमेच्या या विभागाने जर्मन पद्धतीची, तेलाच्या माध्यमातून शक्ती पोचवणारी निवडली. ब्रुनेलचा वेगळेपणाचा वारसा! तीही टिकली नाहीत. १९७७ पर्यंत सगळी सेवेतून गेली. १९७६ मध्ये ताशी सव्वाशे मैलांच्या 'इंटरसिटी १२५' गाड्या आल्या. त्यांच्या दोन्ही टोकांना इंजिन कायमचंच जोडलेलं, त्यामुळे गाडीपासून वेगळं करून शेडमध्ये न्यायचं इंजिनच उरलं नाही. त्या पूर्ण गाड्यांसाठी शेजारी नवी कार्यशाळा झाली. जुना इंजिन डेपो हळूहळू आटत गेला, आणि २००९ मध्ये बंद झाला.

१९०६ ची 'फॅक्टरी' तोपर्यंत उभी होती. क्रॉसरेलला, म्हणजे आताच्या एलिझाबेथ लाइनला, जागा हवी होती, म्हणून तीही गेली आणि शेवटचं टर्नटेबलही गेलं. पाडण्याआधी पुरातत्त्वाच्या मंडळींनी येऊन मोजमापं घेतली, फोटो काढले, सगळं नीट नोंदवून ठेवलं. मग त्याच आवारात बोगद्यांच्या काँक्रीटच्या कमानी ओतल्या गेल्या. 'इंटरसिटी १२५' ची कार्यशाळाही २०१८ मध्ये बंद झाली. आता तिथे हाय स्पीड टू या नव्या रेल्वेचं अवाढव्य स्टेशन बांधलं जात आहे. ८५० मीटर लांबीचा खड्डा, त्यात जमिनीखाली सहा फलाट, वर जुन्या मार्गाचे आठ. विमानतळावरून येताना खिडकीतून दिसतात त्या क्रेन्स याच.

एवढं सगळं होऊनही रेल्वेचं काम त्या भागातून गेलेलं नाही. एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांची देखभाल त्याच आवाराच्या एका बाजूला होते. रुळांच्या पलीकडे, वर्मवुड स्क्रब्जच्या अंगाला, १९९४ ते २००७ युरोस्टारचा डेपो होता; आता तिथे हिताचीच्या गाड्या सांभाळतात. रात्रीच्या पाळीला आजही दिवे चालू असतात, आणि त्या पाळीत आपल्याकडची माणसंही असतात.

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी एक सूचना. ओल्ड ओक संपलं, पण पॅडिंग्टनहून गाडीने गेलं की डिडकॉट लागतं. तिथली १९३२ ची शेड १९६५ मध्ये बंद पडली, आणि १९६७ पासून हौशी मंडळींनी ती जपली. तिथे तो कोळशाचा मंच आहे, राखेचे खड्डे आहेत, आणि ठराविक दिवशी इंजिनं चालतात. मुलांना घेऊन जरूर जा. लखलखतं इंजिन बघून झालं की मंचापाशी न्या, आणि सहा टन म्हणजे किती ते दाखवा. रविवारी हात काळे करायला येणारे बहुतेक तिथले लोक स्वयंसेवक आहेत. विचारलंत तर कौतुकाने सगळं सांगतील. आणि 'किंग जॉर्ज द फिफ्थ'? ते वाचलं. १९७१ मध्ये त्याच इंजिनाने मुख्य मार्गावरची वाफेची बंदी मोडून पुन्हा गाडी ओढली.

इंजिनं जपायला माणसं पुढे आली, आणि इमारतींचीही मोजमापं झाली. पण आपल्या माणसांनी या देशात आल्यावर पहिली पाच-दहा वर्षं जी कामं केली, ती मात्र आपणच लपवली. गावी कळू नये म्हणून लपवली, मग बायकोपासून लपवली, मग मुलांना सांगायची राहूनच गेली. पुढे नोकऱ्या चांगल्या मिळाल्या, घरं झाली, आणि आपल्या स्मरणिकांत छापली गेली ती डॉक्टर, इंजिनियर आणि हिशेबनीस यांचीच नावं. त्यात गैर काही नाही. पण ती यादी अपुरी आहे. शेडमध्ये, बसवर, पोस्टात, गिरणीत, बेकरीत रात्रपाळी केलेली कितीतरी मंडळी आपल्यातच आहेत, आणि आता सगळी ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून मंडळातर्फे एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कोणी असेल, तर या हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. टेपरेकॉर्डर म्हणा किंवा हातातला फोन म्हणा, चालू ठेवा, आणि विचारा: पहिली नोकरी कुठली, पहाटे किती वाजता उठायचात, डबा काय असायचा, शिकवलं कोणी? मराठीतच बोलू द्या, आणि मधे मधे दुरुस्त्या करू नका. लिहून काढायला जमत नसेल तर तसंच आमच्याकडे पाठवा, आम्ही लिहून काढू. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. काकांच्या मुलीने सुरुवात केली आहे. पहिल्या तीन तासांचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे पोचलंही आहे.

पुढच्या अंकापर्यंत, नमस्कार.